मेडिकलवाल्याच्या संगणकात कोणाचे नाव?

आपल्या वस्तीतला पहिला डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे, परंतु ती वस्तुस्थिती आहे. ताप आला, लेकराला जुलाब लागले, कंबर धरली की माणूस आधी मेडिकलच्या काउंटरवर जातो आणि दोन दिवसांच्या गोळ्या मागतो. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून रांगेत उभे राहायचे तर दिवसाची मजुरी बुडते. खासगी डॉक्टरची फी वेगळीच. म्हणून त्या काउंटरवर काय लिहून घेतले जाते, ते कोणाच्या संगणकात जाते आणि तिथून पुढे कुठे पोहोचते, हा प्रश्न घरचा डॉक्टर बाळगणाऱ्यांपेक्षा आपला अधिक आहे. परंतु चळवळीच्या व्यासपीठावर तो कधी आल्याचे मला आठवत नाही. राखीव जागा, ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती यांवर आपण रात्र-रात्र बोलतो, बोललेही पाहिजे. संगणकाचा विषय निघाला की मात्र तो शिकलेल्या पोरांचा म्हणून बाजूला सारतो.

१ मार्च २०१४ पासून औषधांच्या नियमांत 'शेड्यूल एच-वन' लागू झाले. सुरुवातीला त्यात ४६ औषधे होती. भारी अँटिबायोटिक्स, सवय लागणाऱ्या गोळ्या आणि क्षयरोगाची औषधे त्यात आली. अशी औषधे विकताना मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. वाटेल त्याला अँटिबायोटिक विकण्यावर लगाम बसावा हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्तच होता. रजिस्टर दुकानातच राहणार, निरीक्षक आला तर तो पाहणार, एवढ्यावर ते थांबत होते.

१६ मार्च २०१८ च्या केंद्र सरकारच्या राजपत्राने चित्र बदलले. क्षयरोग हा कळवणे बंधनकारक असलेला आजार २०१२ सालीच झाला होता. २०१८ च्या आदेशाने डॉक्टर, रुग्णालये व प्रयोगशाळा यांच्या जोडीला औषध दुकानदारही त्या बंधनात आला. क्षयरोगाचे औषध विकले की रुग्णाचे नाव, पत्ता, फोन यांसह माहिती सरकारी यंत्रणेला कळवायची. ती जाते 'निक्षय' नावाच्या राष्ट्रीय संगणक प्रणालीत. कळवले नाही तर भारतीय दंड संहितेची कलमे २६९ आणि २७० लागू होऊ शकतात, असे त्यात बजावले होते. पहिल्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्यात दोन वर्षांपर्यंत. आता दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे आणि तिच्यात हीच तरतूद कलम २७१ व २७२ म्हणून बसली आहे.

हा आदेशच चुकीचा होता, असे माझे म्हणणे नाही. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. हा रोग हवेतून पसरतो आणि कोंदट खोलीत, कमी खाणाऱ्या शरीरात घर करतो. म्हणजे तो कोणाच्या वस्तीत जास्त असणार हे सांगायला पंडित नको. औषध साधारण सहा महिने न चुकता घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून, किंवा ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेला म्हणून रुग्णाने गोळ्या सोडल्या, तर तोच रोग औषधाला न जुमानणारा होऊन परत येतो. अशा माणसाची नोंद कुठेतरी असणे आणि ती त्याच्या मागे-मागे गावोगाव जाणे, हे त्याच्याच जिवाच्या हिताचे आहे. शिवाय नोंद असेल तरच पोषणासाठीची सरकारी मदत मिळते. एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० झाली. कागदावर नसलेल्या रुग्णाला यातले काहीही मिळत नाही. 'नाव देऊच नका' असे सांगणारा कार्यकर्ता म्हणूनच रुग्णाचे नुकसान करतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. नोंद गेल्यावर ती कोणाकोणाला दिसते? रुग्णाला ती पाहता येते का? ती फुटली तर जबाबदार कोण?

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकिगत सांगतो. नाव-गाव मुद्दाम देत नाही. चार घरी धुणी-भांडी करणारी, पन्नाशीच्या आतली. खासगी डॉक्टरने क्षयरोगाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या मेडिकलमधून घेतल्या. काउंटरवरच्या पोराने भर गर्दीत 'टीबीची चिठ्ठी आहे, मावशी, पत्ता नीट सांगा' असे म्हटले. मागे उभी होती ती त्याच इमारतीतली, जिथे ही बाई काम करीत असे. आठवड्यात चारपैकी तीन घरांनी कामावरून काढले. ताई विचारायला आल्या होत्या की, वकीलसाहेब, केस होते का? मी कायद्याची पुस्तके काढून बसलो आणि त्यांना स्पष्ट उत्तर देता येईना. पोराने आदेशाप्रमाणे माहिती विचारली होती. घरमालकिणींनी तोंडी ठेवलेली बाई तोंडीच काढली होती. २०१८ च्या आदेशात माहिती न कळवणाऱ्याला शिक्षेचा धाक आहे; कळवता-कळवता ती चव्हाट्यावर मांडणाऱ्याला त्याच तोडीची शिक्षा सांगणारे कलम त्यात नाही.

आता इंग्लंडकडे पाहू. औषध दुकानाच्या काउंटरवर खरोखर वैद्यकीय सेवा कशी देता येते आणि त्यासाठी संगणक कसा लागतो, याचा मोठा प्रयोग तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने, एनएचएसने केला आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे 'फार्मसी फर्स्ट' ही योजना सुरू झाली. सायनस, घसादुखी, मुलांचे कान दुखणे, कीटक चावून झालेला संसर्ग, इम्पेटायगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि स्त्रियांच्या लघवीचा साधा संसर्ग, अशा सात तक्रारींसाठी फार्मासिस्ट स्वतः तपासतो आणि ठरवून दिलेल्या नियमांत बसत असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकसुद्धा देतो. आपल्याकडचा मेडिकलवाला जे बेकायदा करतो तेच तिथे कायद्याने, शिकलेल्या माणसाकडून आणि नोंदीसह होते. फरक मुख्यतः नोंदीत आहे. फार्मासिस्टला रुग्णाची थोडक्यातली नोंद पडद्यावर पाहता येते. कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, एवढे त्यात असते. पण ती उघडण्याआधी सर्वसाधारणपणे रुग्णाला विचारावे लागते, उघडणाऱ्याची स्वतःची ओळख संगणकाला द्यावी लागते आणि कोणी, केव्हा उघडली याची खूण मागे राहते. उपचार झाल्यावर त्याची माहिती रुग्णाच्या डॉक्टरकडे परत जाते.

ही परत जाणारी वाट तिथेही सुरळीत नव्हती. पुष्कळ काळ फार्मासिस्टने ईमेलने कागद पाठवायचा आणि डॉक्टरच्या दवाखान्यातल्या कारकुनाने तो पुन्हा टंकायचा, असा द्राविडी प्राणायाम चालत असे. नंतर दुकानातून थेट डॉक्टरच्या नोंदवहीत लिहिता येईल अशी सोय झाली, तेव्हा डॉक्टर मंडळी बिथरली. आमच्या नोंदवहीत बाहेरचा माणूस लिहिणार आणि चूक झाली तर जबाबदार आम्ही, असा त्यांचा आक्षेप होता. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने आपल्या आंदोलनात ही सोय बंद ठेवा असेही सभासदांना सुचवले होते. डॉक्टरांच्या या आक्षेपात पगाराचे आणि कामाच्या बोज्याचे राजकारण होते हे खरे. तरी नोंदीची जबाबदारी कोणाची हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला, आपल्याकडे तो कोणी विचारलेलाच नाही.

इंग्लंडचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. २०१५ साली तिथल्या 'फार्मसी-टू-यू' या ऑनलाइन औषध कंपनीला माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने १ लाख ३० हजार पौंडांचा दंड केला. वीस हजारांहून अधिक ग्राहकांची नावे व पत्ते तिने विकले होते. घेणाऱ्यांत लॉटरीवाले होते आणि शक्तिवर्धक गोळ्या विकणारेही होते. आजारी आणि म्हातारी माणसे म्हणजे फसवायला सोपी गिऱ्हाइके, हा हिशेब सगळ्या देशांत सारखाच. याहून गंभीर प्रकार सरकारनेच केला. एनएचएसच्या माहितीतून स्थलांतरितांचे पत्ते गृहखात्याला देण्याचा करार २०१७ पासून अंमलात होता. परवाना नसलेला माणूस दवाखान्यात गेला की त्याचा पत्ता पोलिसी यंत्रणेला मिळण्याची वाट मोकळी झाली. साहजिकच अशी माणसे दवाखान्यात जायलाच घाबरू लागली. डॉक्टर, रुग्णांच्या संघटना आणि संसदेची आरोग्य समिती यांनी आवाज उठवल्यावर मे २०१८ मध्ये सरकारला ही देवाणघेवाण जवळजवळ पूर्ण थांबवावी लागली. जी माहिती औषधासाठी घेतली ती पकडापकडीसाठी वापरली गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना ते समजावून सांगावे लागणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे सगळे हत्यार म्हणजे एक नोंदवहीच होती, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर आपल्यातलेच काही शहाणे म्हणाले होते की, एका खोलीत आठ माणसे राहतात, त्यांना कसली आली प्रायव्हसी? मला हा प्रश्न उलटा वाटतो. बंगल्यातल्या माणसाचा आजार बाहेर फुटला तर चार दिवस कुजबुज होते. आपल्या माणसाचा फुटला तर काम जाते, भाड्याची खोली जाते, मुलीचे जमलेले लग्न मोडते. त्यात नोंदीमध्ये आडनाव असते आणि पत्ता असतो. आडनाव आणि वस्तीचे नाव एकत्र वाचले की जात वेगळी लिहावी लागत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत देशाने हा धडा उशिरा का होईना घेतला. १९९८ साली 'मिस्टर एक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात रुग्णालयाने रक्तदात्याचा एचआयव्ही अहवाल उघड केला, त्याचे ठरलेले लग्न मोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला दोष दिला नाही. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २०१७ मध्ये, एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला, आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम ८ प्रमाणे विश्वासाच्या नात्यातून कळलेली कोणाचीही एचआयव्ही स्थिती लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही, कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद सोडून. कलम ११ प्रमाणे नोंदी ठेवणाऱ्या संस्थेवर त्या सुरक्षित ठेवण्याचे बंधन आहे. नोकरीतून काढणे, घर नाकारणे यांना मनाई आहे. क्षयरोग्यासाठी असा कायदा नाही. त्याच्या वाट्याला राजपत्रातला आदेश आला.

२०२३ साली केंद्राने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याचे ठरले. या कायद्यातले दोन बदल आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावेत, कारण वर्तमानपत्रांत त्यांची फारशी चर्चा झाली नाही.

२०१९ च्या विधेयकात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' असा वेगळा वर्ग होता. आरोग्याची माहिती त्यात होती आणि 'जात किंवा जमात' हे शब्दही होते. ते शब्द पाहून सरकार आता आरोग्याच्या नावाखाली जात विचारणार, अशी ओरड काहींनी केली होती. वस्तुतः ज्या माहितीला जास्त कडक कुंपण हवे त्या यादीत जात होती. म्हणजे ती तरतूद आपल्या बाजूची होती. २०२३ च्या कायद्याने तो वर्गच काढून टाकला. आता क्षयरोगाची चिठ्ठी आणि किराणा दुकानाचे बिल कायद्याच्या दृष्टीने एकाच तराजूत आहेत. शिवाय साथीच्या किंवा सार्वजनिक आरोग्याच्या धोक्याच्या वेळी उपचारासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा कलम ७ मध्ये आहे. ती हवीच, पण तिच्यासोबत पहारा हवा होता.

दुसरा बदल पैशाचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खाली, कंपनीच्या हलगर्जीपणामुळे संवेदनशील माहिती फुटून ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागता येते. नवा कायदा पूर्ण अंमलात आला की हे कलम जाणार. नव्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड आहे, आकडा ऐकून माणूस दिपून जातो. परंतु कलम ३४ वाचा. दंडाची सगळी रक्कम भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या तिजोरीत जमा होणार. ज्या ताईंची तीन घरे गेली त्यांना त्यातला एक रुपयाही मिळणार नाही.

हे सगळे होत असताना आरोग्याचे संगणकीकरण झपाट्याने चालले आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. प्रत्येकाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक. डॉक्टर, रुग्णालये, प्रयोगशाळा आणि औषध दुकाने यांची एकत्र नोंदणी. आणि रुग्णाच्या संमतीने नोंदी एकीकडून दुसरीकडे जाण्याची सोय. कल्पना वाईट नाही. बीडहून सांगलीकडे ऊसतोडीला गेलेल्या माणसाची नोंद तिथल्या मेडिकलमध्ये दिसली, एकमेकांशी न पटणारी औषधे फार्मासिस्टच्या ध्यानात आली, तर जीव वाचतील. आभा काढणे ऐच्छिक आहे असे सरकार सांगते. परंतु २०२१ मध्ये लस घेताना आधार दाखवलेल्यांचे आरोग्य क्रमांक न विचारता तयार झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ऐच्छिक म्हटलेली गोष्ट काउंटरवर पोहोचेपर्यंत सक्तीची कशी होते, हे रेशन दुकानात आधारच्या अंगठ्याने आपण पाहिलेच आहे.

आणि संमती म्हणजे काय? मोबाइलवर ओटीपी. आपल्या घरांत मोबाइल बहुधा एक, तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईची संमती मग कोणाच्या फोनवर जाणार? मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्या सुनेची? संमतीची ही पद्धत आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन असलेले घर होते. मोठ्या साखळी दुकानांत तर वेगळाच प्रकार. 'मोबाइल नंबर सांगा, सूट मिळेल' म्हणतात आणि आपण सांगून मोकळे होतो. पाच-दहा रुपयांच्या सवलतीत घरातल्या प्रत्येक आजाराची यादी कंपनीकडे जमा होते. लॉटरीवाल्यांना नावे विकणारी ती इंग्लिश कंपनी इथे आठवावी.

तेव्हा मागणी काय करायची? क्षयरोग्यांसाठी एचआयव्ही कायद्याच्या कलम ८ आणि ११ सारखे संरक्षण मागायला हवे, आणि नोकरी व घर यांचे संरक्षणही त्यात हवे. निक्षयमधली नोंद कोणी उघडली हे रुग्णाला मागताच कळले पाहिजे. नुकसान झालेल्याला भरपाई मिळाली पाहिजे. आमदार-खासदारांना निवेदने देताना स्मारकाच्या मागणीखाली ही एक ओळ लिहायला कोणाची हरकत नसावी. मेडिकलमध्ये नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असला पाहिजे, हा तर आजचाच कायदा आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत रुग्णाला औषध समजावून सांगण्याचे काम आणि रुग्णाची गुपिते न फोडण्याचे बंधन दोन्ही त्याच्यावर आहेत. लायसन भिंतीवर टांगून फार्मासिस्ट घरी आणि काउंटरवर बारावी नापास पोरगा, हे चित्र अन्न व औषध प्रशासनाला दिसत नाही असे थोडेच आहे? गर्दीत आजाराचे नाव ओरडणाऱ्या पोराला दोष देण्याआधी त्याला तिथे उभा करणाऱ्या मालकाला जाब विचारावा. आणि क्षयरोगाची माहिती काउंटरवर तोंडी न विचारता कागदावर लिहून घ्यावी, एवढे तर आपल्या विभागातल्या दुकानदारांच्या संघटनेला भेटून उद्याच सांगता येईल.

ते होईपर्यंत माहितीचा अधिकार वापरावा. २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) लाही कात्री लावली आहे. वैयक्तिक माहिती नाकारणे अधिकाऱ्यांना आता सोपे झाले आहे. परंतु आपण कोणाचे नाव विचारतच नाही. महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या क्षयरोग अधिकाऱ्याकडे अर्ज करून एवढेच विचारावे: गेल्या वर्षी औषध दुकानांकडून किती रुग्णांची नोंद आली; त्यातल्या कितींना पोषणाचे पैसे मिळाले; आपल्या हद्दीत निक्षयचे लॉगिन किती जणांकडे आहे आणि त्यांत कंत्राटी किती; नोंदी कोणी उघडल्या याची तपासणी शेवटची कधी झाली; माहिती फुटल्याच्या तक्रारी किती आल्या आणि त्यांचे काय झाले. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि दारिद्र्यरेषेखालचे कार्ड जोडले तर तेही लागत नाहीत.